साधना करावी, की साधनेबद्दल लिहावं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

'मी बारा वर्षांपासून नियमाने उपासना करते. सकाळ-संध्याकाळ ठरलेला वेळ असतो, आठवड्यातून एकदा आमचा छोटा गट एकत्र बसतो आणि वयाने, अनुभवाने मोठे असलेले एक मार्गदर्शक आहेत. गेली चार वर्षं मी स्वतःबद्दल ऑनलाइन लिहिते. उपासनेत काय होतं, काय होत नाही, मनातल्या शंका, घरातले प्रसंग. वाचणारे बरेच आहेत. मध्यंतरी कित्येक महिने प्रार्थना अगदी कोरडी जात होती. त्यावर लिहिलं, तेव्हा अनेक अनोळखी माणसांनी कळवलं, की ते वाचून आम्ही पुन्हा बसायला लागलो. पण मार्गदर्शकांनी ते वाचलं आणि म्हणाले, "साधना दाखवायची नसते. एक तर लिहिणं बंद कर, नाही तर साधना करते असं म्हणणं बंद कर." त्यातच वडिलांच्या शेवटच्या दिवसांवर मी लिहिलेल्या एका लेखावरून धाकटी बहीण दुखावली आहे. ती त्या वेळी येऊ शकली नव्हती, ते त्यात आलं होतं. आणि खरं सांगायचं तर हल्ली प्रार्थनेत बसले की मनात वाक्यं तयार होतात. धार्मिक आयुष्य आणि असं उघडं लिहिणं एकत्र नांदू शकतं का? की मला एक निवडावं लागेल?'

ताई,

एकत्र नांदू शकतं. तुम्ही लिहिणं सोडू नये असंच माझं मत आहे. पण पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता एका ओळीत जे लिहिलंत, प्रार्थनेत बसल्यावर वाक्यं तयार होतात ते, मला तुमच्या मार्गदर्शकांच्या रागापेक्षा कितीतरी महत्त्वाचं वाटतं. त्याकडे येतेच. आधी मार्गदर्शकांची बाजू नीट समजून घेऊ, कारण ते जुन्या वळणाचे आहेत म्हणून असं बोलले, एवढ्यावर ती सोडून देण्यासारखी नाही.

गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सांगितली आहेत. त्यात अमानित्वानंतर, म्हणजे मानाची हाव नसण्यानंतर, लगेच अदंभित्व, म्हणजे दिखावा नसणं, येतं. ज्ञानेश्वर ते समजावताना लोभी माणसाचं मन पुढे ठेवतात. जीव गेला तरी बेहत्तर, पण धन कुठे ठेवलंय ते तो सांगणार नाही. आपल्या हातून घडलेलं पुण्य माणसाने तितक्याच निकराने झाकून ठेवावं, असं त्यांचं म्हणणं. ख्रिस्ताच्या डोंगरावरच्या प्रवचनातही प्रार्थना खोलीत जाऊन, दार लावून करायला सांगितली आहे. चव्हाट्यावर उभं राहून प्रार्थना करणाऱ्यांबद्दल तिथे एवढंच म्हटलंय, की त्यांना त्यांचं फळ मिळून चुकलं. त्यांना शाप दिलेला नाही, शिक्षाही सांगितलेली नाही. लोकांनी पाहावं एवढंच हवं होतं, लोकांनी पाहिलं, व्यवहार तिथे संपला.

यात सगळ्यांत कडक मला बौद्ध विनय, म्हणजे भिक्षूंच्या आचाराचे नियम, वाटतो. न मिळालेली अवस्था मिळाली असं जाणूनबुजून सांगणारा भिक्षू संघातून कायमचा जातो, हे कुणालाही पटेल. पण विनयात आणखी एक नियम आहे. एखादी उच्च अवस्था खरोखर लाभली असेल, तरी ती दीक्षा न घेतलेल्या माणसाला सांगणं हा दोष आहे आणि त्याची कबुली द्यावी लागते. या दोन्ही नियमांमागे दुष्काळाची एक हकिगत सांगतात. भिक्षा मिळेनाशी झाली, तेव्हा काही भिक्षू गृहस्थांपुढे एकमेकांच्या सिद्धींची वाखाणणी करू लागले. लोकांनी स्वतःच्या आणि पोराबाळांच्या तोंडचा घास काढून त्यांना वाढला आणि हे भिक्षू दुष्काळातही गुटगुटीत राहिले. म्हणजे विनय फक्त खोट्यावर थांबत नाही. आतली गोष्ट बाहेर सांगून तिच्या बदल्यात काहीतरी घेणं, हेही त्याला चालत नाही. तुम्हाला लेखाचे पैसे मिळत नसतील, पण 'किती सुंदर लिहिता, तुमच्यासारखी श्रद्धा आम्हाला कधी लाभणार' असं कुणी कळवतं, तेव्हा पदरात काहीतरी पडतंच. मार्गदर्शकांना हीच भीती आहे आणि ती खरी आहे.

तरीसुद्धा त्यांचं 'साधना दाखवायची नसते' हे अर्धंच खरं आहे, असं मी म्हणते. कारण या सगळ्या परंपरांमध्ये माणसांनी स्वतःबद्दल लिहिलेलं आहे, आणि तेही भरभरून. संत बहिणाबाईंनी सतराव्या शतकात स्वतःचं आयुष्य अभंगांत सांगितलं. त्याच शतकात, 1641 साली, आग्र्यात राहणाऱ्या बनारसीदास नावाच्या एका जैन व्यापाऱ्याने आपल्या पंचावन्न वर्षांची कहाणी पद्यात लिहिली. तिचं नाव 'अर्धकथानक', कारण माणसाचं पूर्ण आयुष्य एकशे दहा वर्षांचं धरलं तर हे अर्धं झालं. त्यातला एक प्रसंग तुम्हाला मुद्दाम सांगते.

तरुणपणी त्यांना एका संन्याशाने एक शंख दिला आणि ही सदाशिवाची मूर्ती आहे, हिची पूजा कर, असं सांगितलं. घरच्यांना नकळत ते रोज पूजा करू लागले. पुढे 1605 साली अकबर वारल्याची बातमी आली तेव्हा ते जिन्यावर बसले होते. धक्का असा बसला, की भोवळ येऊन खाली कोसळले, डोकं फुटलं, रक्त वाहू लागलं. बरे झाल्यावर एकटेच बसून त्यांनी विचार केला, की मी पडलो तेव्हा हा शिव माझ्या मदतीला का आला नाही? आणि ती पूजा त्यांनी सोडून दिली. याआधी दुसऱ्या एका संन्याशाने त्यांना एक मंत्र देऊन, वर्षभर जप केलास तर रोज दारात सोन्याची मोहोर सापडेल असं सांगितलं होतं. वर्षभर जप करून ते दारात मोहोर शोधत बसले, तेही त्यांनी लपवलेलं नाही. झालेल्या नऊच्या नऊ मुलांचे मृत्यूही त्यात आहेत.

स्वतःच्या श्रद्धेची फजिती इतक्या मोकळेपणाने सांगणारं लेखन मी फार थोडं वाचलं आहे, आणि त्यात कुठे बढाई नाही की छाती बडवणं नाही. हे त्यांना कशामुळे जमलं असावं? जिन्यावरून पडणं आणि ते लिहिणं यांच्यामध्ये छत्तीस वर्षं गेली होती. पडल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी लिहिलं असतं, तर बहुधा शिवावरची चिडचिड लिहिली असती, नाही तर लोकांची सहानुभूती मागितली असती. छत्तीस वर्षांनी ती घटना त्यांना कुणापुढे सिद्ध करायची नव्हती.

ख्रिस्ती संत ऑगस्टिनचंही तसंच. मिलानच्या बागेत त्याचं मन पालटलं ते 386 साली. 'कन्फेशन्स' (कबुल्या) हे आत्मकथन त्याने लिहायला घेतलं त्यानंतर दहाएक वर्षांनी, आणि लिहिलं ते देवाला उद्देशून. वाचक ते बाजूला उभं राहून ऐकतात. तुमचा प्रश्न त्याने स्वतःला दहाव्या भागात विचारलाय. माझी कबुली माणसांनी का ऐकावी? माणसं दुसऱ्याचं आयुष्य जाणून घ्यायला उत्सुक आणि स्वतःचं सुधारायला आळशी असतात, हेही त्याने तिथेच सुनावलंय. आणि तरीही लिहायचं ठरवलं, कारण ते वाचून एखादा दुबळा माणूस 'माझ्याच्याने होणार नाही' म्हणत निराशेत पडून राहणार नाही. तुमचा कोरड्या महिन्यांवरचा लेख वाचून जी माणसं पुन्हा प्रार्थनेला बसली, त्यांच्यासाठीच जणू त्याने हे लिहून ठेवलंय. त्या लेखाबद्दल मनात अपराधी वाटून घेऊ नका. विनयाचा तो नियमही उंचीबद्दल बोलण्याला आहे, अडखळण्याबद्दल बोलण्याला नाही.

आता ती ओळ.

प्रार्थनेत वाक्यं तयार होतात, म्हणजे नेमकं काय होतं ते जवळून पाहू या. तुम्ही डोळे मिटून बसलेल्या असता. मन जरा निवळतं. आत काहीतरी हलकं वाटतं, किंवा एखादी जुनी खंत वर येते. पुढच्याच क्षणी आतलं कुणीतरी म्हणतं, 'आज शांतता स्वतःहून आली.' वाक्य बरं आहे, पण 'स्वतःहून' बरं की 'न बोलावता'? 'न बोलावता' जास्त चांगलं. मग त्याच्या पुढचं वाक्य येतं. मग ते विसरू नये म्हणून मनात दोनदा घोळवलं जातं. डोळे मिटलेलेच आहेत, पाठ ताठ आहे, बाहेरून बघणाऱ्याला उपासना चाललेली दिसते. पण ज्या क्षणी शब्दाची निवड सुरू झाली, त्या क्षणी तुम्ही देवासमोरून उठून वाचकांसमोर जाऊन बसलात. शांतताही तेव्हाच गेली. तिच्याबद्दलचं वाक्य तेवढं हाती राहिलं.

हे तुमच्या एकटीचं नाही. लिहिणाऱ्या प्रत्येकाला ही खोड लागते आणि संसारात तिने फारसं बिघडत नाही. पण उपासनेत बिघडतं, कारण तिथे येणारी प्रत्येक गोष्ट मजकुराचा कच्चा माल होऊ लागते. हळूहळू मन तेच अनुभव उचलून धरतं ज्यांचं लेखन चांगलं होईल, आणि ज्यांचं काहीच लिहिता येत नाही असे अनुभव, म्हणजे साधनेचे बहुतेक दिवस, त्याला निकामी वाटायला लागतात. तुमची प्रार्थना मध्यंतरी कोरडी का पडली, हे सांगण्याचा अधिकार मला नाही. पण लिहिणं सुरू केल्यानंतर रोजच्या साध्या, नाव घेण्यासारखं काही न घडलेल्या बैठकीचा कंटाळा वाढला का, हे स्वतःला विचारून पाहा. उत्तर हो आलं, तर मार्गदर्शकांच्या बोलण्यातला जो भाग खरा आहे, तो हाच.

उपाय लिहिणं थांबवण्यात नाही. वेळ बदला. उपासनेच्या जागेजवळ वही नको, फोन तर नकोच. बैठकीत वाक्य आलं तर त्याच्याशी भांडू नका, पण ते घोळवूही नका. विसरलं तर विसरू द्या. लेखक म्हणून हे जड जाईल, मला कल्पना आहे. चांगलं वाक्य हातचं जाऊ देणं हा लिहिणाऱ्याचा त्याग आहे, आणि मला तर वाटतं, तुमच्याकडे देवाला द्यायला याहून खरं दुसरं काही क्वचितच असेल. जे खरोखर महत्त्वाचं असेल ते महिन्याभराने वेगळ्या शब्दांत परत येईल.

उपासनेबद्दल जे काही प्रसिद्ध कराल ते ताजं नसावं. नुकताच आलेला अनुभव अजून तुमचाच झालेला नसतो. त्यावर दहा जणांनी 'वा' म्हटलं की त्याचा अर्थ त्या दहा जणांनी ठरवलेला असतो, आणि पुढे तुम्हालाही तो तसाच आठवतो. कुणी टीका केली तरी तेच. म्हणून स्वतःसाठी हवं तेव्हा लिहा, पण जगापुढे ठेवायला वेळ जाऊ द्या. किती, ते कसं ओळखायचं? तो लेख कुणीच वाचला नाही अशी कल्पना करा. त्याने तो अनुभव तुमच्या मनात थोडासुद्धा उणावणार असेल, तर अजून वेळ आलेली नाही.

आणि काही गोष्टी कधीच लिहू नका. गांधीजींनीही आत्मकथेच्या प्रस्तावनेत म्हटलंय, की काही गोष्टी फक्त आपल्याला आणि आपल्या निर्मात्याला ठाऊक असतात, त्या सांगण्याजोग्याच नसतात. हे म्हणणाऱ्या माणसाने स्वतःचं आयुष्य 1925 ते 1929 या काळात 'नवजीवन' साप्ताहिकात आठवड्याआठवड्याने छापलं, स्वतःचे दोष उघडे केले. उघडेपणा आणि राखून ठेवणं हे दोन्ही एकाच माणसाला साधलं. त्यांच्याही एका देवभीरू मित्राने शंका काढली होती, की आज जी तत्त्वं मानता ती उद्या सोडलीत, तर तुमच्या शब्दावर विसंबून वागणाऱ्यांचं काय? हा प्रश्न तुम्हालाही लागू आहे. चार वर्षांपूर्वीचं तुमचं एखादं ठाम विधान आजही कुणीतरी पहिल्यांदा वाचत असेल. जिथे मत बदललंय, तिथे तसं स्पष्ट लिहून टाका.

थॉमस मर्टन या ट्रॅपिस्ट, म्हणजे एका कडक कॅथलिक मठसंप्रदायातल्या, साधूची गोष्ट याहून पुढची आहे. 1941 मध्ये तो अमेरिकेतल्या केंटकीच्या गेथसेमनी मठात गेला, तेव्हा लेखनाची ओढ आता मागे सोडावी लागेल असंच त्याला वाटत होतं. पण मठाधिपतींनीच त्याला लिहायला लावलं, आणि 1948 मध्ये त्याचं आत्मचरित्र आलं ते लाखोंनी वाचलं. ते मठाच्या संप्रदायातल्या परीक्षकांच्या नजरेखालून गेलेलं होतं. त्याखेरीज तो खाजगी रोजनिश्या लिहीत होता. त्या मात्र आपल्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनीच प्रसिद्ध व्हाव्यात, अशी व्यवस्था त्याने करून ठेवली. तो 1968 मध्ये गेला, रोजनिश्या 1995 पासून येऊ लागल्या. म्हणजे एकाच माणसाचं काही लेखन लगेच वाचायचं होतं आणि काही तो पूर्णपणे निघून गेल्यावर. तुम्हीही अशी एक वही ठेवा, जिला वाचक नाही. तुम्हाला लेखन आवडतं की वाचलं जाणं आवडतं, हे त्या वहीत किती लिहावंसं वाटतं त्यावरून कळेल. वाचलं जाणं आवडण्यात पाप नाही, पण ते ठाऊक असलेलं बरं.

एका गोष्टीची मला काळजी वाटते, म्हणून सांगते. दोष उघडे करून लिहिण्यातही मान मिळतो. 'किती प्रामाणिक' हे कौतुक 'किती पवित्र' या कौतुकापेक्षा आज जास्त गोड लागतं. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, अशा माणसाचा उल्लेख आहे, ज्याचं रात्रीचं पाप देवाने झाकून ठेवलेलं असतं आणि सकाळी तो स्वतःच ते लोकांना सांगत सुटतो. ज्याची कबुली देवाजवळ किंवा ज्याचं नुकसान केलं त्याच्याजवळ द्यायची, ती वाचकांजवळ देऊन मन हलकं होतं खरं, पण ज्याचं देणं होतं त्याला काहीच मिळत नाही.

मार्गदर्शकांकडे जाऊन हे सगळं मोकळेपणाने बोला. तुम्ही मर्टनसारखं आज्ञापालनाचं व्रत घेतलेलं नाही, त्यामुळे त्यांचा शब्द तुमच्यावर हुकूम म्हणून बांधील नाही. पण बारा वर्षांच्या नात्यात तो नुसता सल्ला म्हणून बाजूला ठेवावा इतका हलकाही नाही. प्रार्थनेत वाक्यं येतात हे त्यांना सांगितलंय का? पत्रावरून तसं दिसत नाही. मला वाटतं, त्यांनी लेख वाचून जे ओळखलं त्याचं मूळ इथे आहे आणि ते त्यांना अजून ठाऊक नाही. ते तुमच्या तोंडून ऐकल्यावर ते वेगळं काही सांगतील. त्यांनी दिलेला दुसरा पर्याय, साधना करते असं म्हणणं सोडण्याचा, तो मात्र अजिबात धरू नका. साधनेत भेसळ होते म्हणून साधना सोडायची झाली, तर कुणाचीच टिकणार नाही.

राहता राहिली बहीण, आणि इथे मी तुमच्या बाजूची नाही. बहिणाबाईंनी नवऱ्याचा राग आणि त्याने केलेली मारहाण अभंगांत सांगितली. ते त्यांनी लपवायला हवं होतं असं मी कधीच म्हणणार नाही, कारण तो मार त्यांच्या अंगावर पडला होता. सोसणाऱ्याला ते सांगण्याचा पूर्ण हक्क आहे. पण तुमची बहीण येऊ शकली नाही ही तुमच्यावर झालेली इजा नव्हती, ती तिच्या आयुष्यातली गोष्ट होती. का येऊ शकली नाही ते तुम्हाला पूर्ण माहीत आहे का? माहीत असलं तरी ते सांगायचं की नाही हे तिने ठरवायचं. तुमच्या लेखात ती फक्त 'न आलेली' म्हणून उभी आहे आणि शेकडो माणसांनी तिला तेवढीच ओळखलंय. गीतेत वाणीचं तप सांगताना सत्याच्याही आधी येतं ते दुसऱ्याला उद्वेग न देणारं बोलणं. तुमचा लेख खरा असेल, पण त्या पहिल्या कसोटीला तो उतरत नाही.

तो भाग आजच काढून टाका. लेख त्यावाचून उभा राहत नसेल तर सगळा लेख काढा. मग तिला फोन करा, काढलाय असं सांगा आणि तिला काय वाटलं ते ऐकून घ्या, मध्ये न बोलता. क्रम उलटा करू नका. आधी फोन केलात तर 'राहू दे गं, काढू नकोस' असं म्हणणं तिला भाग पडेल, आणि तिच्या त्या परवानगीवर तुम्ही तो लेख ठेवाल. आणि हो, या फोनबद्दल कुठे काही लिहू नका.